पावसाळा, वृद्धाश्रम आणि फ्ल्यूची साथ

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस गोव्यात स्थिरावला की वृद्धाश्रमांचा दिनक्रम बदलतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ सोप्यावर किंवा अंगणातल्या झाडाखाली बसणारी वृद्ध मंडळी आत येतात. वाऱ्यापावसाचे झोत येतात म्हणून पश्चिमेकडील खिडक्या लावून घेतल्या जातात. धुतलेले कपडे दालनातच दोरीवर वाळत पडतात आणि जी माणसे चार महिन्यांपूर्वी दिवसाचे कित्येक तास मोकळ्या हवेत घालवीत होती, ती आता एकाच दमट दालनात, एकमेकांना लागून असलेल्या खाटांवर दिवसरात्र राहू लागतात. भारताच्या पश्चिम व दक्षिण भागांत फ्ल्यूचा जोर नेमका याच दिवसांत, म्हणजे साधारणपणे जुलै ते सप्टेंबर या काळात, वाढतो. काश्मीरमध्ये तो हिवाळ्यात वाढतो आणि देशाच्या बऱ्याच भागांत जानेवारी ते मार्च या काळात त्याची दुसरी, लहान लाट येते. हा रोग थंडीचा आहे ही समजूत पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आली असावी. कोकण व गोवा या भागांपुरता तरी तो प्रामुख्याने पावसाळ्याचाच रोग आहे, हे वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापकांनी प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

गोव्यात सार्वजनिक साहाय्य संस्था, जिला लोक आजही प्रोव्हेदोरिया याच जुन्या नावाने ओळखतात, वृद्धांसाठी आश्रम चालविते. त्याखेरीज धर्मसंस्था, विश्वस्त मंडळे आणि खाजगी व्यक्ती यांचेही आश्रम आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा कायदा संसदेने २००७ साली संमत केला. निराधार वृद्धांसाठी राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांची सोय असलेला एक तरी आश्रम उभारावा, अशी त्यात तरतूद आहे. दीडशे दुर्बल माणसे एका छपराखाली आणणे हे कल्याणकारी कार्य खरेच. पण त्याचबरोबर ती एका विषाणूच्या टप्प्यात आणणेही आहे.

रोगाचे स्वरूप

पडसे आणि फ्ल्यू यांना सर्रास एकच मानले जाते. तसे ते नाहीत. फ्ल्यू हा इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूमुळे होतो. मानवी फ्ल्यूचा हा विषाणू १९३३ साली लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा करून दाखविला. त्याचे अ आणि ब हे दोन प्रकार दरवर्षीच्या साथींना कारण होतात. अ प्रकारातील एच१एन१ आणि एच३एन२ हे उपप्रकार सध्या माणसांत वावरत आहेत. हा विषाणू आपल्या पृष्ठभागाची घडण सतत थोडीथोडी बदलत असतो. म्हणून एकदा फ्ल्यू होऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा होतो, आणि म्हणूनच लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. मध्येच एखादे वर्षी हा बदल मोठा असतो आणि मग जगभर साथ उसळते. १९१८ साली मुंबई बंदरातून देशभर पसरलेली साथ अशीच होती. भारतात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत. मराठी मुलखातील खेड्यापाड्यांत तिला 'मानमोडी' म्हणत. त्या साथीत ऐन तारुण्यातली माणसे मोठ्या संख्येने दगावली, हे तिचे वैशिष्ट्य. एरवीच्या वर्षांत मात्र हा रोग वृद्धांवर घाला घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्ल्यूशी निगडित श्वसनविकारांनी जगात दरवर्षी २.९ लाख ते ६.५ लाख माणसे मरण पावतात. अमेरिकेतील नोंदी पाहता तेथील अशा मृत्यूंपैकी साधारण ७० ते ८५ टक्के मृत्यू ६५ वर्षांवरील व्यक्तींचे असतात.

वयोमानाप्रमाणे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, छातीतील कफ जोराने खोकून बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते, आणि हृदयविकार, मधुमेह, दमा यांसारखा एखादा जुना विकार बहुधा आधीच घर करून असतो. फ्ल्यूचा ताप उतरला तरी त्याने ओरबाडलेल्या श्वासनलिकेत जिवाणू शिरून न्यूमोनिया होतो. 'तापातून उठले होते, पण पुढच्या आठवड्यात गेले' असे ज्यांच्याबाबत सांगितले जाते, त्यांतील कित्येकांची हीच कथा असते.

यातली खरी अडचण अशी की, वृद्धांचा फ्ल्यू ओळखता येणे कठीण असते. तरुण माणसाला एकाएकी सडकून ताप भरतो, अंग ठणकते, डोके दुखते, कोरडा खोकला येतो. निदान बहुधा चुकत नाही. ऐंशी वर्षांच्या वृद्धाला कदाचित ताप येणारच नाही. तो फक्त जेवायचे नाही म्हणतो. नेहमी स्वतः उठून न्हाणीघरात जाणारा त्या दिवशी उठत नाही. रात्री बरळतो, ओळखीच्या माणसाला परके समजतो, किंवा चालताना तोल जाऊन पडतो. तापमापकाचा पारा ९९ अंशांवर पाहून 'ताप नाही' अशी नोंद केली जाते आणि दोन मौल्यवान दिवस निघून जातात. या बाबतीत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आठवड्यातून एकदा होणाऱ्या भेटीपेक्षा, रोज पेज भरविणाऱ्या आयेची नजर अधिक उपयोगी पडते. 'आज आजींनी पेजेला तोंड लावले नाही' हे तिचे वाक्य वहीत लिहून घेतले जाते की हवेत विरून जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. प्रत्येक दालनासाठी एक साधी वही ठेवून तीत खोकला, ताप, अन्नावरील वासना आणि वागण्यातील बदल यांची सकाळ-संध्याकाळ नोंद करण्याची पद्धत पावसाळ्यापुरती तरी सक्तीची असावी.

रोग आत येतो कसा

खाटेला खिळलेली वृद्धा बाजारात जात नाही, बसने प्रवास करीत नाही. तिच्यापर्यंत विषाणू पोहोचतो तो तिला भेटणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या आणि भरविणाऱ्या माणसांच्या द्वारे. खोकताना, शिंकताना, किंबहुना बोलतानाही तोंडानाकातून जे सूक्ष्म तुषार उडतात त्यांतून हा विषाणू पसरतो. मोठे तुषार एकदोन मीटरच्या आत खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र कोंदट हवेत काही काळ तरंगत राहतात. दाराची कडी, खाटेचा कठडा, पाण्याचा तांब्या अशा टणक पृष्ठभागांवर विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. कापडावर आणि कागदावर त्याहून बराच कमी वेळ. तेथून तो हाताला आणि हातावरून नाकाडोळ्यांना लागतो.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस, बहुधा दोन दिवस, जातात. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस रोग पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवीत राहतो. वृद्धांच्या बाबतीत हा काळ याहूनही लांबतो. याचा अर्थ असा की, केवळ आजारी दिसणाऱ्यांना दूर ठेवून भागत नाही. रोग दाराशी अडविण्याचे काम आधीच, साथ नसताना, करून ठेवावे लागते.

लस

फ्ल्यूच्या लसीत कोणते विषाणू घालावयाचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला तरी जेथे साथ पावसाळ्यात येते तेथे ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या जुलैपर्यंत बरीचशी निस्तेज झालेली असते. म्हणून गोवा, कोकण आणि तत्सम प्रदेशांत त्या वेळी उपलब्ध असलेली अद्ययावत लस एप्रिल-मे महिन्यांत टोचून घेणे इष्ट होय. टोचल्यावर संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात; साथ दालनात शिरल्यावर धावपळ करून टोचलेल्या लसीचा लाभ म्हणूनच उशिरा मिळतो. ब प्रकाराची यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेली नाही. त्यामुळे चार घटकांऐवजी पुन्हा तीनच घटकांची लस वापरण्याकडे आता कल आहे. लसीच्या कुपीत एक घटक कमी दिसला किंवा जास्त दिसला म्हणून व्यवस्थापकाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. कुपीवरील हंगाम आणि मुदतीची तारीख तेवढी पाहावी.

ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि गोठली तर ती निकामी होते. पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत वीज तासन्तास जाते हा अनुभव सर्वांचा आहे. आश्रमातील दूधभाजीच्या शीतकपाटात लस साठविण्यापेक्षा आरोग्य केंद्रातून टोचणीच्या दिवशीच शीतपेटीतून आणवावी हे बरे.

वृद्धांमध्ये ही लस तरुणांइतकी प्रभावी ठरत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लस घेतलेल्या वृद्धालाही फ्ल्यू होऊ शकतो. मात्र तो गंभीर होण्याचा, रुग्णालयात जाण्याचा धोका कमी होतो. याच मर्यादेमुळे वृद्धांइतकेच महत्त्व त्यांची सेवा करणाऱ्यांच्या लसीकरणाला येते. स्कॉटलंडमध्ये दीर्घकालीन शुश्रूषेच्या २० रुग्णालयांत एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देऊ करण्यात आली, काहींत नाही. जेथे ती देऊ करण्यात आली तेथे निम्म्या कर्मचाऱ्यांनी ती घेतली आणि तेथील वृद्धांच्या मृत्यूचे प्रमाण १३.६ टक्के राहिले. अन्यत्र ते २२.४ टक्के होते. या निष्कर्षाच्या बळकटीविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले आहेत, आणि एवढा मोठा फरक सर्वत्र पडेल असे मानणे धाडसाचे होईल. तथापि, विषाणू कर्मचाऱ्यांबरोबर आत येतो हे कोणी नाकारलेले नाही. आचारी, आया, सफाई कामगार, रात्रीचा पहारेकरी, कपडे नेणारा धोबी या सर्वांची नावे लसीच्या यादीत यावयास हवीत. बालकांच्या लसींप्रमाणे ही लस सर्वत्र मोफत मिळतेच असे नाही, म्हणून तिच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकातच करावी लागते. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धची वेगळी लसही उपलब्ध आहे. तिच्याविषयी वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला त्याच वेळी घ्यावा.

आजारी कर्मचाऱ्याची रजा

वृद्धाश्रमांतील बऱ्याच मदतनीस स्त्रिया रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम करतात. एक दिवस कामावर न येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. अशा स्त्रीला सकाळी अंगात कणकण वाटली, घसा धरला, तर ती गोळी घेते आणि कामावर येते. तिला दोष देता येणार नाही; घरातली चूल तिच्या मजुरीवर पेटते. पण त्याच दिवशी ती बारा वृद्धांना उठवून बसविते, त्यांची तोंडे धुते, त्यांना भरविते. भिंतीवर लावलेला 'आजारी असल्यास कामावर येऊ नये' हा फलक तिच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण त्या दिवसाचे पैसे कोण देणार हे त्यावर लिहिलेले नसते.

फ्ल्यूच्या हंगामात ताप-खोकला असणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, मग तो कायम असो वा रोजंदारीवरील असो, पगारी रजा देणे ही दयाबुद्धीची बाब नाही. ती साबण आणि लस यांच्याइतकीच रोगप्रतिबंधाची बाब आहे, आणि हिशोब केला तर तिच्याहून स्वस्त उपाय दुसरा सापडणे कठीण. तापाची गोळी न घेता ताप उतरून पूर्ण २४ तास लोटेपर्यंत कर्मचाऱ्याने घरीच राहावे. त्याच्या जागी कोणाला बोलवायचे त्यांची नावे मे महिन्यातच ठरवून ठेवावीत. पर्यायी माणूस नसेल तर नियम कितीही चांगला असला तरी अधीक्षक स्वतःच त्या आजारी बाईला निरोप पाठवून बोलावून घेतो, असे घडते.

पहिला रुग्ण आढळल्यावर

एका आश्रमात ७२ तासांच्या आत दोन निवासींना फ्ल्यूसारखा आजार दिसला तर साथीची सुरुवात झाली असे समजून चालावे. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा २००४ पासून देशात सुरू आहे आणि अशा वार्ता तिला हव्याच असतात. कळविल्याने आश्रमाची बदनामी होते ही भीती अनाठायी आहे. नाक व घसा यांतील स्रावाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणी करता येते. मात्र अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे नाही.

ओसेल्टामिवीर हे औषध वैद्यकीय चिठ्ठीवर मिळते. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा गुण सर्वांत चांगला येतो; प्रौढ रुग्णाला ते सामान्यतः ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. साथ पसरू लागली असेल तर आजारी नसलेल्या निवासींनाही प्रतिबंध म्हणून दिवसातून एकदा, निदान दोन आठवडे आणि शेवटच्या रुग्णानंतर सात दिवसांपर्यंत, ते देण्याची पद्धत अनेक देशांत आहे. मूत्रपिंडे क्षीण झालेल्या वृद्धांत मात्रा कमी करावी लागते, म्हणून हा निर्णय सर्वस्वी वैद्याचा. प्रतिजैविक औषधांचा या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. न्यूमोनिया झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यासच ती द्यावीत. धाप लागणे, श्वासाची गती मिनिटाला २४ हून अधिक होणे, ओठ निळसर दिसणे, गुंगी येणे, ही रुग्णालयात हलविण्याची लक्षणे होत. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र २०२० च्या कोविड साथीनंतर बहुतेक आश्रमांत आलेले आहे. त्याची बॅटरी चालू आहे की नाही, एवढे पाहून ठेवावे.

आजारी व्यक्तीला स्वतंत्र खोली द्यावी. खोली नसेल, आणि बहुतेक ठिकाणी ती नसतेच, तर दालनाचे एक टोक रुग्णांसाठी राखावे, मधे पडदा लावावा आणि खाटांत निदान एक मीटर, जमल्यास दोन मीटर, अंतर ठेवावे. शेजारच्या खाटांवरील माणसांची डोकी विरुद्ध दिशांना करण्याची साधी युक्ती जागा अपुरी असेल तेथे फार उपयोगी पडते. रुग्णांची सेवा करणारी माणसे वेगळी नेमावीत व त्यांनी त्या दिवसांत दुसऱ्या दालनात जाऊ नये. त्यांनी मुखपट्टी वापरावी; रुग्णाला सोसवत असेल तर त्यालाही, विशेषतः बाहेर नेताना, ती लावावी. लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवस, किंवा ताप व खोकला ओसरून २४ तास, यांपैकी जे उशिरा असेल तोपर्यंत ही व्यवस्था चालू ठेवावी.

हात धुण्याविषयी इतके बोलले गेले आहे की लोक आता ते ऐकेनासे झाले आहेत. तरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साध्या साबणाने ते फुटते. महागड्या द्रावणाची गरज नाही. गरज आहे ती दालनाच्या दाराशी नळ, साबण आणि कोरडे कापड असण्याची. हात धुण्यासाठी आयेला दर वेळी मागीलदारी पावसात जावे लागत असेल तर ती दोन रुग्णांच्या मधे हात धुणार नाही, हे उघड आहे. कठडे, कड्या, खुर्च्यांचे हात यांच्या सफाईसाठी विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चालते. ३३ टक्के क्लोरीनचे ताजे चूर्ण दर लिटरला ३० ग्रॅम घेतले की सुमारे १ टक्क्याचे द्रावण होते. ते रोज नवे करावे. पावसाळी हवेत उघडे राहिलेल्या डब्यातील चूर्णाचा जोर लवकर जातो. न्हाणीघरात वापरतात त्या आम्लात ते कदापि मिसळू नये, विषारी वायू निर्माण होतो.

हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न पावसाळ्यात खरोखरच बिकट आहे. वृद्धांना वारा लागून सर्दी होते या समजुतीने सर्व झडपा बंद केल्या जातात. वाऱ्याने फ्ल्यू होत नाही; कोंडलेल्या हवेने मात्र तो पसरतो. ज्या बाजूने पाऊस मारतो त्या बाजूच्या खिडक्या बंद आणि विरुद्ध बाजूच्या उघड्या, छपराजवळचे झरोके मोकळे, हवा बाहेर फेकणारा एखादा पंखा, आणि वृद्धांच्या अंगावर उबदार पांघरूण, एवढ्याने बरेच साधते.

भेटीगाठी आणि एकटेपण

चतुर्थीचा सण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे फ्ल्यूच्या ऐन भरात येतो. वर्षभर न फिरकलेले नातेवाईकही त्या दिवसांत मुलांना घेऊन, नेवऱ्या-मोदकांचा डबा घेऊन आश्रमात येतात. भेटी सरसकट बंद करण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. २०२० साली ते करावे लागले, आणि भेटीला आसुसलेले कित्येक वृद्ध रोगाविनाही खचले, हे जगभर दिसून आले. तेव्हा हा उपाय शेवटचा समजावा. ज्यांना खोकला-पडसे आहे त्यांना दारातूनच परत पाठवावे, विशेषतः लहान मुलांना, कारण मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाळगतात; इतरांना हात धुवून, मुखपट्टी लावून, सोप्यावर भेटू द्यावे. साथ चालू असेल तेव्हा सामुदायिक आरती, लादाइन, भजन आणि एका पंक्तीतले जेवण तेवढे थांबवावे.

विलग ठेवलेल्या वृद्धाची काळजी निराळीच असते. आठवडाभर खाटेवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांतील बळ झपाट्याने जाते, आणि फ्ल्यूमधून वाचलेला माणूस पुढे कायमचा परावलंबी होतो. म्हणून ताप उतरताच त्याला दिवसातून दोनतीनदा बसवावे, आधार देऊन खोलीतल्या खोलीत चार पावले चालवावे. पेज, ताक, कोमट पाणी थोडेथोडे वारंवार पाजावे. वृद्धांना तहान कमी लागते, म्हणून मागण्याची वाट पाहू नये. ज्यांची स्मृती ढळली आहे त्यांना आपल्याला वेगळे का ठेवले हे कळत नाही. मुखपट्टीआडचा चेहरा ओळखू येत नाही म्हणून ते घाबरतात, उठून जुन्या खाटेकडे जातात. त्यांना बांधून ठेवणे किंवा दाराला बाहेरून कडी घालणे अत्यंत अनुचित आहे. त्यांच्या सवयीचे एकच माणूस त्यांच्याकडे नेमावे आणि त्याने रोज आपले नाव सांगून बोलावे.

शेवटचा रुग्ण आजारी पडल्यानंतर पूर्ण सात दिवस नवा रुग्ण न आढळल्यास साथ आटोक्यात आली असे समजता येते. त्यानंतरच्या पंधरवड्यात, आठवणी ताज्या असतानाच, अधीक्षकाने दालनांच्या वह्या समोर ठेवून पहिला रुग्ण कोण, कोणत्या खाटेवरचा, त्याच्याकडे कोण काम करीत होते, लस कोणी घेतली नव्हती आणि आरोग्य केंद्राला कळविण्यास किती दिवस लागले, हे एका कागदावर लिहावे आणि तो कागद पुढील एप्रिलच्या लसीच्या यादीला जोडून ठेवावा.